मागच्या सीटची चौकशी

आकडे खोटं बोलत नाहीत आणि खऱ्याला मरण नाही, या दोन खांबांवर मी माझं सत्तावीस वर्षांचं सरकारी आयुष्य उभं केलं आहे. सांख्यिकी खात्यात अधीक्षक असलेल्या माणसाला याहून वेगळी श्रद्धा परवडत नाही. मात्र एका गुरुवारी जेवताना मी काही आकडे टेबलावर मांडले आणि खऱ्याला मरण नसलं तरी उपास घडू शकतो, हे मला कळलं.

विषय माझ्या मोटरसायकलचा होता. ही मोटरसायकल मी लग्नाच्या आदल्या वर्षी घेतली. म्हणजे घरात ती बायकोच्या आधी आली, मानाने थोरली. आणि थोरलीचं धाकटीशी जितकं पटतं तितकंच त्या दोघींचं पटतं. तरी रोज सकाळी बायको तिच्या मागच्या सीटवर बसते, मी तिला तिच्या वाचनालयाच्या दाराशी सोडतो, तिथून एकटा पुढे माझ्या कार्यालयात जातो, आणि संध्याकाळी हाच क्रम उलटा. चोवीस वर्षं हे बिनतक्रार चाललं होतं. बिनतक्रार म्हणजे गाडीची तक्रार नव्हती.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गाडी मिसिंग मारायला लागली. ज्यांच्या नशिबी नवीन गाड्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. गाडी सुरळीत चाललेली असते, मध्येच तिला ठसका लागल्यासारखं होतं, क्षणभर ती दम खाते, आणि मग सायलेन्सरमधून ‘फाट्’ असा आवाज काढून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा मार्गाला लागते. भर सभेत शिंक आलेले वयस्कर गृहस्थ जसे रुमाल घडी करून खिशात ठेवतात तसं. हा आवाज वाचनालयासमोर झाला की आत वर्तमानपत्र वाचत बसलेली मंडळी मान वर करतात आणि ग्रंथपालबाई आल्या हे त्यांना कळतं. हे बायकोला आवडत नव्हतं, आणि मला ते मान्य होतं.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. आमचा मिस्त्री कमी बोलणारा माणूस आहे. गाडी कितीही बिघडलेली असो, तो आधी हात पुसतो, मग गाडीकडे बघतो, मग पुन्हा हात पुसतो. मी त्याला फाइल वाचून दाखवली. ही फाइल म्हणजे गाडीचा संपूर्ण वैद्यकीय इतिहास आहे. कोणत्या साली कोणता पार्ट बदलला, कुणी बदलला, बदलताना काय म्हणाला, सगळं तारीखवार, जाड पुठ्ठ्यात, लोखंडी चापाखाली लावलेलं. पूर्वी ती घरातल्या कपाटात असे. महिन्याच्या एक तारखेला बायकोने कपाट आवरलं आणि ही फाइल आणि कपाट यांच्यापैकी एकच घरात राहील असं जाहीर केलं. तेव्हापासून ती गाडीच्या सीटखाली मागच्या बाजूला, जिथे पूर्वी हत्यारांची पिशवी होती, तिथे बसते. हत्यारं घरी आणली. ती कपाटात मावली.

फाइल सीटखाली असली तरी गाडी मिस्त्रीकडे सोडताना मी ती काढून बरोबर घेऊन येतो. कागद खाजगी असले तरी परक्याच्या ताब्यात देऊ नयेत, हा खात्याचा शिरस्ता आहे.

मिस्त्रीने प्लग काढला, दाताच्या डॉक्टरसारखा उजेडात धरला, पुसला आणि बदलला. गाडीवर एक फेरी मारून आला. म्हणाला, “ओके आहे.” दुसऱ्या दिवशी वाचनालयासमोर फाट्. मी परत गेलो. त्याने प्लगची टोपी बदलली, तिची जाड वायर बदलली, फेरी मारली. ओके आहे. दुसऱ्या दिवशी फाट्. मग त्याने पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, शेवटी टाकी उतरवून कॉइलसुद्धा बदलली. गाडीत ठिणगी पाडणारी जेवढी म्हणून मंडळी असतात तेवढी सगळी निवृत्त होऊन नवीन भरती झाली. फेरी मारून आल्यावर तो हात पुसत म्हणाला, “साहेब, गाडीला काही नाही.”

हे वाक्य तो ज्या प्रकारे म्हणाला त्यात ‘गाडीला’ या शब्दावर जोर होता. मी दुर्लक्ष केलं.

आता शेजाऱ्यांविषयी. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर टेलिफोनवाले काका राहतात. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. जगातल्या कोणत्याही बिघाडाचं त्यांचं निदान एकच असतं: “कुठेतरी अर्थिंग होतंय.” म्हणजे वायर जिथे लागू नये तिथे लागते आहे आणि वीज जमिनीत पळून जाते आहे. पंखा, मिक्सर, लिफ्ट, त्यांच्या सुनेचं डोकं आणि मागच्या खेपेचे निवडणुकीचे निकाल, या सगळ्यांचं त्यांनी हेच निदान केलेलं आहे. माझ्या गाडीचा आवाज ऐकून ते गॅलरीतूनच म्हणाले, “अर्थिंग होतंय.” मी मान डोलावली. मोठ्या माणसांसमोर मान डोलावण्याला खर्च येत नाही.

पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी हे दुसरे. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे नऊ वर्षं आहे, कारण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नाही, आणि आपण ते सोडायला तयार आहोत असं ते दर सभेत सांगतात. त्यांचं म्हणणं पेट्रोलमध्ये पाणी आहे. याखेरीज समोरच्या इस्त्रीवाल्याने गाडी विकायला सांगितली, बायकोच्या भावाने विकायला सांगितली, आणि सासूबाईंनी फोनवरून, आपण हे चोवीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, याची आठवण करून दिली. ते त्यांनी गाडीबद्दल सांगितलं होतं असं बायको म्हणते.

एवढे सल्ले झाल्यावर सुशिक्षित माणसाने काय करावं? मी शास्त्राचा आधार घेतला. एक नोंदवही सुरू केली. तारीख, वेळ, अंतर, गिअर, रस्त्याची स्थिती, ठसक्यांची संख्या आणि शेरा असे सात रकाने. रोज कार्यालयात पोचलो की पाच मिनिटांत नोंद करून वही सीटखाली फाइलवर ठेवायची. आठवड्याने तक्ते केले, ते फाइलला जोडले. मग आलेख काढले, तेही जोडले. आलेख चढता होता. पहिल्या आठवड्यात रोज चार ठसके, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात अकरा. आजार बळावतो आहे हे उघड होतं. मी ‘परिशिष्ट एक: आजाराची गती’ असं लिहून तेही जोडलं. सीट बंद करायला आता थोडा गुडघा लावावा लागे.

आणि बुधवारी संध्याकाळी, तीस सकाळ-संध्याकाळच्या नोंदी एकत्र मांडताना, माझ्या डोळ्यांसमोर सत्य उभं राहिलं. घर ते वाचनालय: अठ्ठ्याण्णव ठसके. वाचनालय ते कार्यालय: एक. तोही मोठ्या खड्ड्यात. रस्ता तोच, पेट्रोल तेच, चालक तोच. फरक एकच होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ निष्कर्ष माझ्या हाती कधी आला नव्हता. इतक्या स्वच्छ निष्कर्षावर माणसं बढत्या घेतात. मी फक्त एक दिवस थांबलो आणि गुरुवारी जेवताना तो सांगितला.

“सापडलं,” मी म्हटलं. “कारण इंजिनात नाहीच. मागच्या सीटवर आहे.”

बायकोने चमचा खाली ठेवला. “मागच्या सीटवर मी असते.”

“तसं मी म्हटलेलं नाही. आकडे म्हणताहेत.”

“मग आकड्यांनाच सांगा वाढायला,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी तिसरी पोळी मिळाली नाही, आणि दुसरीही अर्धीच झाली होती.

वाईट याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आमच्या जेवणघराची खिडकी टेलिफोनवाल्या काकांच्या गॅलरीवर उघडते. शुक्रवारी सकाळी इमारतीतल्या सगळ्यांना, माझ्या बायकोच्या वजनाने गाडी बंद पडते, हे ठाऊक झालं होतं. आकडे मी सांगितले होते ठसक्यांचे. जिन्यावरून उतरता उतरता ते किलोचे झाले. लिफ्टमध्ये एका बाईने तिला संध्याकाळी चालायला जाण्याची एक छान जागा सुचवली. वाचनालयात नेहमीच्या एका सभासदाने आहारशास्त्रावरचं पुस्तक परत करताना, “तुम्हीच ठेवा बाई, आठवडाभर,” असं म्हटलं. ती शुक्रवारी संध्याकाळी रिक्षाने घरी आली, पर्स खाली ठेवली, आणि उभ्यानेच बोलली.

तिने भावाला फोन केला होता. भावाने जुन्या गाड्या घेणारा माणूस ठरवला होता. तो पुढच्या रविवारी सकाळी दहाला येणार होता.

“चारचौघांत नाव तुम्ही ठेवलंत,” ती म्हणाली. “चारचौघांतच ते परत घ्या. माझ्यामुळे होत नाही हे सगळ्यांसमोर दाखवा. रविवारी दहापर्यंत. नाहीतर गाडी त्या माणसाबरोबर जाईल.”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. मी दिवस मोजले. मेहुण्याने ठरवलेला माणूस वेळेवर येतो, हा माझा लग्नापासूनचा अनुभव आहे.

आठ दिवस होते. काम सोपं होतं. निरनिराळ्या वजनाची माणसं मागे बसवायची, प्रत्येकाबरोबर तीन फेऱ्या मारायच्या, ठसके मोजायचे. गाडी सगळ्यांच्याच बरोबर ठसकत असेल तर बायको निर्दोष. मी एक सूचना तयार केली: ‘शास्त्रीय चाचणीसाठी सर्व वजनगटांतील स्वयंसेवक पाहिजेत.’ ती खालच्या फलकावर लावली. तासाभरात सेक्रेटरींनी ती काढून माझ्या हातात दिली. फलकावर काही लावायचं तर अर्ज करावा लागतो. मी अर्ज केला. अर्जाला विषय नव्हता. विषय घातला. मग त्यांनी विचारलं की स्वयंसेवक पडला तर जबाबदारी कुणाची, आणि एक हमीपत्राचा नमुना दिला, जो त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीच्या वेळी केला होता. त्यात ‘लिफ्ट’ खोडून ‘मोटरसायकल’ लिहायचं होतं. ते केल्यावर ‘मी सदर मोटरसायकलमध्ये अडकल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही’ असं वाक्य झालं. त्यावर कुणी सही केली नाही.

खरी अडचण हमीपत्राची नव्हतीच. वजन लिहून द्यायची होती. इमारतीत सत्तावीस प्रौढ माणसं आहेत. मी दारोदार विचारलं. सगळ्यांचं वजन साठ किलो निघालं. जिला लिफ्ट ‘जादा भार’ म्हणून घेऊन जात नाही, ती बाईही साठ. तिचा कॉलेजात शिकणारा बारीक भाऊही साठ. अशा नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, एवढं मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकलो होतो.

तेव्हा मी टेलिफोनवाल्या काकांना गळ घातली. ते तयार झाले. त्यांचं वजन पासष्ट आहे आणि गेली तीस वर्षं तेवढंच आहे, असं ते अभिमानाने म्हणाले. ते प्रमाणित करून घ्यायला आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथे काटा होता, पण काट्याच्या आधी कंपाउंडर होता. केसपेपर काढल्याशिवाय काट्यावर उभं राहता येत नाही, तो म्हणाला. काका म्हणाले, आपल्याला काहीच झालेलं नाही, केसपेपर कशाला. काढायचाच तर यांच्या नावाने काढा. कंपाउंडरने माझं नाव लिहिलं आणि विचारलं:

“तक्रार काय लिहू?”

“गाडी मिसिंग मारते.”

त्याने पेन थांबवलं. “केव्हापासून?”

“महिना झाला.”

“रिकाम्या पोटी, की जेवल्यावर?”

माणूस गंभीर होता. त्याने ‘वजनाबद्दल चिंता’ असं लिहिलं आणि मला काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी. हा आकडा माझ्या अभ्यासाच्या कक्षेत येत नसल्याने मी तो नोंदवहीत घेतला नाही. केसपेपर खिशात ठेवला. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, मीठ कमी करायला सांगितलं आणि काही काळजी आहे का असं विचारलं. मी, रविवारी दहा वाजता, असं म्हणालो. काकांना मी त्याच केसपेपरावर काट्यावर चढवलं. एक्याऐंशी. काकांनी उतरून पुन्हा चढून पाहिलं. मग कंपाउंडरला म्हणाले, “या काट्याला अर्थिंग नाही.” आणि चाचणीतून माघार घेतली. परतताना ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथे हात माझा होता आणि अवलक्षण त्यांचं झालं.

माणसं मिळेनात तेव्हा मी निर्जीव वस्तूंकडे वळलो. त्यांना वजनाची लाज नसते. शेजारच्या बांधकामावरून एक वाळूची गोणी मागून आणली. पहारेकऱ्याला वाळू घर बांधायला नको, मागच्या सीटवर बसवायला हवी, हे समजावण्यात पाऊण तास गेला. त्याला ते शेवटपर्यंत समजलं नाही, पण तो कंटाळला. गोणी सीटवर दोरीने बांधली आणि इमारतीभोवती फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या फेरीत पाच ठसके. मला गहिवरून आलं. निर्जीव, निष्पाप, कोणत्याही वाचनालयात न गेलेल्या गोणीबरोबर गाडी ठसकत होती. दुसऱ्या फेरीत तीन. तिसऱ्यात एक. चौथ्यात काही नाही. पाचव्यात काही नाही.

उतरून पाहिलं तर गोणी पाटीवरच्या उरलेल्या भाजीसारखी मान टाकून बसली होती. तिला खाली भोक होतं. इमारतीभोवती सुबक, गोल, अखंड अशी वाळूची रेघ पडली होती आणि तिच्यावरून चालत सेक्रेटरी माझ्याकडे येत होते. त्यांनी काय म्हटलं ते सोडून देतो. मला त्या वेळी दुसरीच गोष्ट दिसत होती. गोणी हलकी होत गेली तसे ठसके कमी झाले. म्हणजे कारण वजनच होतं. आकड्यांनी माझ्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब केलं होतं, आणि हा पुरावा घरी दाखवण्यापेक्षा मी तो खाऊन टाकला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी नोंदवहीचं एक पान फाडलं. वाळू झाडायला दोन संध्याकाळी लागल्या.

रविवार उजाडला. साडेनऊला खाली निम्मी इमारत जमली होती. कुणी बोलावलं नव्हतं. मेहुणा आला होता, आणि त्याच्याबरोबर तो गाडी घेणारा माणूस, दहा मिनिटं आधीच. त्याने गाडीच्या टाकीवर टकटक करून पाहिलं, जसं कलिंगडावर करतात. गाडीचा भाव सांगायला आणि दोष दाखवायला म्हणून त्याने आमच्याच मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं. मिस्त्री बाजूला उभा राहून हात पुसत होता. बायको जिन्याच्या पायरीवर उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही काही कळलं नसतं. मला कळत होतं. तिचा उजवा हात पदर सारखा करत होता, आणि पदर नीटच होता.

स्वयंसेवक एकच उरला होता. चौकशी नियमाने झाली पाहिजे म्हणून सेक्रेटरी स्वतः बसायला तयार झाले. वजन सत्तर, दवाखान्याच्या चिठ्ठीसह. हमीपत्र स्वतःच लिहिलेलं आणि स्वतःलाच दिलेलं. ते मागे बसले. बसले म्हणजे, गाडीवर आयुष्यात पहिल्यांदाच बसत असल्याने, दोन्ही पाय फूटरेस्टवर घट्ट रोवून, माझे खांदे धरून, सीटपासून चार बोटं वर राहिले. मी तीन फेऱ्या मारल्या. त्यांचा श्वास माझ्या मानेवर ऐकू येत होता. इंजिन मात्र गाणं म्हणावं तसं चाललं होतं. तीन फेऱ्या, शून्य ठसके.

मी गाडी थांबवली. सगळ्यांनी एकाच वेळी जिन्याकडे पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवायला पुन्हा गाडीकडे पाहिलं. सत्तर किलोचे सेक्रेटरी निर्दोष सुटले होते. गाडी जाणार हे तर दिसतच होतं. पण त्या क्षणी, खरं सांगतो, मला गाडीचं वाईट वाटत नव्हतं. मला तो पदर सारखा करणारा हात दिसत होता. शास्त्राच्या नावाखाली मी घरातल्या माणसाला फलकावर लावलं होतं, आणि तेही अर्जाशिवाय.

ती पायरीवरून खाली आली. माझ्यासमोर उभी राहिली.

“उतरा,” ती म्हणाली.

मी उतरलो. तिने माझ्या हातातून हेल्मेट घेतलं, घातलं, पदर कमरेला खोचला आणि गाडीवर पुढे बसली. किकवर पाय ठेवला. मला ही गाडी सुरू करायला रोज चार किक लागतात. तिने एक मारली.

“बसा मागे,” ती म्हणाली.

“तुला येते?”

“दादाची चालवायचे कॉलेजात असताना. दोन वर्षं.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

मेहुणा जमिनीकडे बघून हसत होता. चोवीस वर्षं ही बाई माझ्या मागे बसून माझं गिअर बदलणं बघत होती, आणि काही बोलली नव्हती. या संयमाचा विचार करत मी मागे बसलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी सीटच्या मागचा दांडा धरला.

गाडी निघाली. इमारतीच्या पहिल्या कोपऱ्यावर: फाट्.

“एक,” बायको मोठ्याने म्हणाली.

पाण्याच्या टाकीपाशी फाट्. “दोन.” गॅलऱ्यांमधून माणसं वाकली. दुसऱ्या फेरीत “सात” म्हणताना तिच्या बरोबरीने खालचे लोकही म्हणाले. तिसऱ्या फेरीला अख्खी इमारत एका सुरात मोजत होती आणि मी मागच्या सीटवर, दांडा धरून, प्रत्येक ठसक्याला थोडा उडत, माझ्याच शेजाऱ्यांसमोरून जात होतो. चौदा झाले. ती जिन्यापाशी येऊन थांबली, हेल्मेट काढलं, आणि ज्या आवाजात ती वाचनालयात मुदत उलटलेली पुस्तकं मागते त्या आवाजात म्हणाली:

“लिहा. मागे बसणाऱ्याचं वजन चौऱ्याऐंशी.”

केसपेपर शर्टाच्या खिशात राहिला होता आणि शर्ट धुवायला तिनेच टाकला होता. मी लिहिलं.

लिफ्टमधल्या बाईने आता माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत ती चालायला जाण्याची छान जागा होती.

या सगळ्यात मिस्त्री एकटाच गाडीकडे बघत होता. त्याने पुढे येऊन सीटच्या मागच्या भागावर तळहाताने दाबलं. इंजिन ठसकलं. सोडलं, नीट चाललं. पुन्हा दाबलं, ठसकलं. त्याने हात पुसले, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि सीट उचलली. सीट उचलायला त्याला जोर लावावा लागला. आत फाइल होती, फाइलवर नोंदवही, आत तक्ते, आलेख, तीन परिशिष्टं. त्याने ती सगळी दोन हातांनी बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, हे काय?”

“गाडीच्या बिघाडाचा अभ्यास,” मी म्हटलं.

त्याने फाइल उलटी केली. तिचा लोखंडी चाप घासून चकचकीत झाला होता. मग त्याने मला सीटखाली बोट दाखवलं. तिथून एक काळी वायर जाते, गाडी बंद करायची वायर. किल्लीने ती सांगाड्याला टेकली की ठिणगी थांबते. चापाने तिचं कातडं सोललं होतं. आत तांबं दिसत होतं. मागे कुणी टेकलं की चाप वायरवर दाबला जायचा, वायर सांगाड्याला लागायची आणि गाडी क्षणभर बंद पडायची. अभ्यास जसजसा जाड होत गेला तसतशी ती जास्त पडत गेली. परिशिष्ट एकमधला चढता आलेख आजाराचा नव्हता. परिशिष्टाचा होता.

फाइल कपाटातून बाहेर कुणी काढायला लावली, हा प्रश्न मी त्या वेळी विचारू शकलो असतो. विचारला नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जे शिकलो नव्हतो ते त्या आठ दिवसांत शिकलो होतो.

मिस्त्रीने वायरला चिकटपट्टी गुंडाळली. चार वेढे. काम संपलं. टेलिफोनवाले काका गर्दीच्या मागून म्हणत होते की आपण पहिल्या दिवशीच अर्थिंग सांगितलं होतं. ते पूर्णपणे बरोबर होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि अकरा वर्षांच्या निवृत्तीत ते पहिल्यांदाच बरोबर ठरले होते, आणि नेमकं तेव्हाच कुणी ऐकत नव्हतं, कारण सगळे बायकोचं अभिनंदन करत होते. मी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. त्यांनी दवाखान्याबद्दल मला तिथल्या तिथे क्षमा केली.

मग मी घसा साफ केला आणि चारचौघांत म्हणालो की मागच्या सीटविषयी मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, तो मी मागे घेतो, आणि दोष सर्वस्वी कार्यालयीन आहे. सेक्रेटरींनी हे लेखी मागितलं. मी लेखी दिलं. ते त्यांनी फलकावर लावलं, आणि या वेळी अर्ज मागितला नाही.

गाडी घेणारा माणूस आता खुशीत आला होता. एवढी ठणठणीत जुनी गाडी मिळत नाही म्हणाला, आणि बायकोकडे वळला, कारण कुणाशी बोलायचं हे एव्हाना त्याला कळलं होतं. बायकोने टाकीवर हात ठेवला. थोरलीच्या खांद्यावर धाकटीने हात ठेवावा तसा; चोवीस वर्षांत हे मी प्रथमच पाहत होतो.

“विकायची नाही,” ती म्हणाली.

तो माणूस वर येऊन चहा पिऊन गेला. मेहुणा जेवायला थांबला. जेवताना बायको दादाच्या मोटरसायकलवरून आपण एकदा नदीपर्यंत कसे गेलो आणि आईला ते अजून कसं माहीत नाही, हे सांगत होती. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होतो. ती चांगली सांगते. मला तिसरी पोळी मिळाली, चौथीही विचारली गेली, पण मीठ कमी होतं.

गाडी तेव्हापासून एकदाही ठसकलेली नाही. नोंदवही बंद केली आहे. बायकोचं म्हणणं, गाडीवर तिचा हात पुन्हा बसला आहे आणि आता मध्येच सोडला तर जाईल; शिवाय चौऱ्याऐंशी किलो मागे घेऊन जुन्या इंजिनाला त्रास कशाला द्यायचा. सकाळी पावणेनऊला ती मोटरसायकलवर वाचनालयात जाते. मी बसने जातो.